भिंतीतली मंडळी

लोकांच्या घरी सालं लग्नांवरून, बाळंतपणांवरून, फार तर बदल्यांवरून लक्षात ठेवतात. आमच्याकडे ती सापांवरून ठेवतात. मी शाळेत जायला लागले ते साल पंपघरातल्या धामणीचं. आई गेली त्या सालाबद्दल 'त्या वर्षी दिवड फार होते' एवढंच म्हणतात आणि सगळ्यांना कळतं. आत्या कायमची आमच्याकडे राहायला आली ते वर्ष तिच्या मते सगळ्यांत वाईट, कारण तिने ट्रंक खाली ठेवली आणि ट्रंकेमागून एक लांबलचक पाहुणा शांतपणे निघून गेला. "दादा, तू इथे राहतोस की पुंगी वाजवतोस?" असं ती तेव्हा म्हणाली होती. अजूनही म्हणते.

बाबा शहराच्या पाणीपुरवठा केंद्रात व्हॉल्व्हमन होते. तलावाचं पाणी कुठल्या भागाला कधी सोडायचं, त्याच्या मोठमोठ्या चाव्या फिरवायचं काम. तलावाला एका अंगाने दगडी भिंत आहे. उंचीला दोन मजली घर, आणि लांबीला इतकी की एका टोकाच्या माणसाने हाक मारली तर दुसऱ्या टोकाला ती अर्धीच पोचते. सगळ्या चाव्या भिंतीच्या पायथ्याशी. बाबा ती वाट रोज चालायचे आणि दगडांच्या फटींत राहणाऱ्या मंडळींशी त्यांची ओळख तिथेच झाली. 'मंडळी' हा त्यांचाच शब्द. शेजारी आला तर 'माणूस आला' म्हणतो का आपण, असं ते विचारायचे.

संध्याकाळी जेवायला बसलं की पहिला घास घ्यायच्या आधी हजेरी. "आज कोण भेटलं?" बाबा विचारायचे. ज्याला जो दिसला त्याने सांगायचं. कुठे दिसला, केवढा होता, कुठे गेला, घाईत होता की निवांत. लिहून ठेवायचं नाही, कारण लिहिलं की माणूस आठवायचं सोडतो, हे बाबांचं मत. आई 'गाळणीच्या खोलीमागे, पिल्लू' इतकं मोजकं बोलायची. आत्याचं उत्तर ठरलेलं असायचं. "मला कोणी भेटलं नाही आणि भेटूही नये."

साप बघायला मला बाबांनी शिकवलं. "त्याला हुडकायला जाशील तर दिसायचा नाही," ते म्हणायचे. "आपण समोर बघत राहायचं. पाण्याकडे बघ, दगडाकडे बघ. तो कडेला असतो. डोळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी सरकल्यासारखं होतं. मग मान वळवायची, तीसुद्धा सावकाश." मला असला धीर कुठला? मी वाटेवर चुळबुळत उभी राहायचे. मग ते दोन बोटांत माझी हनुवटी धरायचे, जरा डावीकडे, जरा खाली अशी फिरवायचे आणि थांबायचे. बरोबर माझ्या नाकासमोर साप असायचा. आधी तिथे नुसता दगड होता अशी मी शपथ घेतली असती. अंगावर काटा यायचा आणि हसूही यायचं.

आता मागे वळून बघते तर आमच्या घराची खोड लक्षात येते. साप बघायचं काम आम्ही बाबांना देऊन टाकलं होतं. त्यांनी दाखवायचं, आम्ही बघायचं. हजेरीत मी जी नावं सांगायचे त्यांतली बहुतेक त्यांच्या बोटाची असायची.

पुढे मी इंजिनियर झाले आणि त्याच केंद्रात देखभालीचं काम माझ्याकडे आलं. भिंतीजवळचं क्वार्टर तेच, फक्त दारावरची पाटी बदलली. चाव्यांना मोटारी बसल्या आणि त्या नियंत्रण खोलीतल्या बटणांवर फिरायला लागल्या. भिंतीच्या पायथ्याची वाट ओस पडली. तिथे जाणारा माणूस एकच उरला, तो म्हणजे निवृत्त झालेले बाबा. आत्या म्हणायची, "पगार थांबला तरी पाय थांबले नाहीत."

आणि त्याच सुमाराला साप कमी व्हायला लागले.

एकदम नाही. एका वर्षी बाबा म्हणाले, यंदा दिवड जरा मागेपुढे करतायत. दिवड म्हणजे पाण्याकाठचा साप. विष नाही, पण राग नाकाच्या शेंड्यावर. थंडीभर तो भिंतीत निजतो आणि उन्हं तापली की बाहेर येऊन दगडावर पडतो. पुढच्या वर्षी बाबांनी मांजरांना दोष दिला. त्याच्या पुढच्या वर्षी गवत कापायच्या यंत्राला. मग कुंपणावरच्या दिव्यांना, मग पाण्यात टाकायच्या औषधाला, आणि ते औषध माझ्या खात्यात येत असल्याने काही दिवस मलासुद्धा. हजेरी चालूच होती, पण "आज कोण भेटलं?" याला उत्तर देणारे तेच आणि उत्तर "कोणी नाही". एखादी धामण महिन्यातून कधीतरी वाटेत समोर यायची, तेवढीच.

ते ज्या तऱ्हेने "कोणी नाही" म्हणायचे ते ऐकवायचं नाही. लेकीसुना परगावी गेल्यावर रिकामं घर दाखवतात तसं म्हणायचे. एकदा पेपर वाचता वाचता म्हणाले, "माझ्या डोळ्यांदेखत संपले सगळे." मला ते खरं वाटलं. जगात सगळीकडे सगळंच कमी होतंय असं त्याच पेपरात रोज छापून यायचं. बाबा तो पेपर चष्म्याशिवाय वाचायचे, अगदी शेवटच्या पानावरच्या बारीक जाहिरातींसकट, आणि आत्याला सुईत दोरा ओवून द्यायचे. या वयात असे डोळे कोणाचे नाहीत असं ते चारचौघांत सांगायचे, आणि खरंच तसे कोणाचे नव्हते.

आत्याची कुरकूर वेगळीच असायची. "दादा, त्या चौकटीशी तुझं काय भांडण आहे? रोज खांदा आपटतोस." नाहीतर, "बाजूचा पेला सांडला पुन्हा. समोरचा सोडून बाजूचे पेलेच तुझ्या जिवावर कसे उठतात?" बाबा म्हणायचे, पेले भलतीकडे ठेवणाऱ्यांनी बोलू नये. मी दोघांच्या मध्ये बसून जेवत असायचे. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो वळसा मी जेवता जेवता घालत होते.

या वर्षी भिंत झिरपायला लागली. फारशी नाही, पण पायथ्याला ओल दिसली आणि वरच्या साहेबांनी फर्मान काढलं की उन्हाळ्याआधी बाहेरच्या अंगाच्या दर्जा भरून घ्या. दर्जा भरायच्या म्हणजे दगडांच्या सांध्यांत सिमेंटचा माल ठासून सगळ्या फटी बंद करायच्या. एकदा बंद झाल्या की मुंगीलासुद्धा वाट उरत नाही. आत जो असेल तो आतच राहणार.

काम माझं होतं, म्हणून निर्णयही माझा. मी बाबांना विचारलं. सहज विचारल्यासारखं नाही, समोर बसून विचारलं. "बाबा, भिंतीत कोणी आहे का? एकजण जरी असला तरी मला सांगा. मी काम थांबवीन, साहेबांशी भांडीन."

ऊन यायला लागलं होतं. त्या आठवड्यात ते रोज सकाळी भिंतीसमोरच्या कट्ट्यावर जाऊन बसले. टोकापासून टोकापर्यंत चालले. डोळ्यांत तेल घालून म्हणतात तसे बघत होते. मग एका संध्याकाळी हजेरीच्या वेळी त्यांनीच सांगितलं, "कोणी नाही. घाल सिमेंट." आणि जेवण अर्धं टाकून उठले. आत्याने पहिल्यांदाच सापांची बाजू घेतली. "असतील रे कुठे तरी," ती म्हणाली, "एवढे मेले आपल्याला छळायचे ते असे कसे जातील?"

मी गवंड्याला सोमवारची वेळ दिली.

सोमवारी ऊन असं पडलं होतं की सावलीत उभं राहायला नको वाटावं. थंडी संपल्याचा पहिला खरा दिवस. गवंडी आणि त्याची माणसं भिंतीच्या पलीकडच्या टोकाला माल कालवत होती, फावड्याचा आवाज येत होता. आत्याने बाबांसाठी चहाचा थर्मास माझ्या हातात दिला. ते सकाळपासून कट्ट्यावरच होते. "शेवटचं बघू दे त्याला," ती म्हणाली.

कट्टा भिंतीपासून हातभर अंतरावर. बाबा भिंतीकडे तोंड करून बसले होते, डावा हात कट्ट्यावर टेकलेला. मी मागून येत होते. त्यांच्या डाव्या हाताशेजारी कोणीतरी दोरीचा तुकडा टाकलाय असं मला वाटलं आणि मजुरांच्या गबाळेपणावर मी मनातल्या मनात दोन शब्द बोललेसुद्धा. मग दोरी पुढे सरकली.

दिवड होता. पिवळसर, अंगावर काळ्या चौकड्या, मनगटाएवढा. बाबांच्या पंज्याला वळसा घालून तो कट्ट्यावरून खाली उतरला. इतक्या जवळून की बाबांनी करंगळी उचलली असती तर लागली असती. बाबा हलले नाहीत. मला वाटलं, काय हा माणसाचा धीर, अजून तसाच आहे. मी थांबले. थांबले म्हणून मग मला बाकीचं दिसायला लागलं.

बाबांच्या उजव्या पायाजवळ आणखी एक होता. कट्ट्याच्या कडेला दोन. मग मी भिंतीकडे बघितलं आणि हातातला थर्मास पोटाशी धरला.

प्रत्येक फटीत कोणीतरी होतं. रस्त्यात काही झालं की लोक खिडक्यांत येतात तशी डोकी सांध्यांतून बाहेर आलेली. काही नुसतीच उन्हाकडे बघत होती. काहींचं निम्मं अंग बाहेर आणि निम्मं अजून झोपेत. पुढे आलेल्या दगडांवर एकमेकांच्या अंगावर पसरून पडले होते, कुठला कोणाचा ते कळू नये असे. मोठे होते, बोटाएवढे होते, नवी कात आलेले लखलखीत होते. जिथे ऊन पोचलं होतं तिथपर्यंत होते आणि ऊन जसं वर चढत होतं तसे वरच्या फटींतून नवे येत होते. खाली वाळलेलं गवत वारा नसताना हलत होतं. आणि आवाज होता. मी जन्म त्या भिंतीशेजारी काढला, पण तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. खवल्यांचा दगडावर घासण्याचा, भिंतभर, हलका, न थांबणारा.

मी घाबरले नाही. घाबरायला जागाच उरली नव्हती. माझ्या मनात एवढंच आलं की हे इथे आहे, माझ्या टेबलापासून चार पावलांवर, आणि मी बटणं दाबत बसते. डोळे भरून आले ते मला नंतर कळलं.

बाबांना माझी चाहूल लागली. मान न वळवता ते म्हणाले, "आलीस? बघ, भिंत कशी सुनी पडली आहे."

मला वाटलं थट्टा करतायत. मी पुढे होऊन त्यांचं तोंड बघितलं. थट्टा नव्हती. ते समोरच्या एका दगडाकडे टक लावून बघत होते, आणि तो एक दगड खरोखर रिकामा होता.

"बाबा," मी म्हटलं, "डावीकडे बघा."

त्यांनी पूर्ण मान वळवली आणि श्वास घेतला. किती वेळ सोडला नाही. मग उजवीकडे वळले. मग वर. दर वेळी मान वळवली की नव्याने दचकत होते आणि दर वेळी चेहरा आणखी उजळत होता.

"आले," ते म्हणाले. "परत आले गं. कुठे गेला होतात रे इतकी वर्षं?"

मी आधी गवंड्याकडे धावले. गवंडी करणीवर माल घेऊन पहिल्या फटीशी वाकला होता. मी ओरडले नाही, ओरडायचं सुचलं नाही, नुसता त्याचा हात धरला. तो रागावून काहीतरी बोलणार होता, तेवढ्यात त्याने मी बघत होते तिकडे बघितलं. त्याच्याकडचा भाग अजून सावलीत होता, पण पुढची सगळी भिंत दिसत होती. त्याने करणी घमेल्यात ठेवली आणि डोक्याचं फडकं काढून हातात घेतलं. त्याची माणसं एकेक करून त्याच्यामागे येऊन उभी राहिली.

"ताई," गवंडी म्हणाला, "मी आजवर लोकांना घरं बांधून दिली. घरात माणसं असताना दार लिंपायचं काम मी घेत नाही. पाण्याच्या अंगाने करू. उन्हाळ्यात पाणी उतरलं की आतून भरू. झिरपायचंही थांबेल."

"जास्त काम पडेल," मी म्हटलं.

"पडू दे. आजचा कालवलेला माल मात्र वाया गेला, तो साहेबांना सांगा." मग तो बाबांकडे बघून म्हणाला, "आजच आले म्हणायचे. काल-परवा बाबा म्हणत होते, कोणी नाही."

"आजच," बाबा तिकडून म्हणाले. त्यांचा आवाज मी किती वर्षांत तसा ऐकला नव्हता. "आजच परत आले."

मी त्यांच्याजवळ येऊन बसले. मला सगळं कळलं होतं आणि ते कळायला नको होतं असं वाटत होतं. चौकट, खांदा, बाजूचे पेले. समोरची बारीक अक्षरं लख्ख दिसणारा माणूस, आणि कडेचं जग त्याच्या नकळत मिटत गेलेलं. साप कडेला असतात असं त्यानेच मला शिकवलं होतं. कडेचा अंधार जसा आत येत गेला, तसे बाबांच्या हिशेबाने साप कमी होत गेले. मांजरं निर्दोष होती. गवताचं यंत्रही.

गप्प बसणं किती सोपं होतं. त्यांचे साप परत आले होते. तो आनंद मी त्यांच्या हातात राहू दिला असता तर कोणी मला काही म्हटलं नसतं. पण समोरचा तो एक दगड माझ्या डोळ्यांपुढून हलेना. आता एवढाच उरला होता त्यांच्याजवळ, आणि मी बोलले नाही तर तोही जाणार होता.

"बाबा, त्या दगडाकडे बघत राहा," मी म्हटलं. मी माझा हात त्यांच्या कानामागून बोटं हलवत पुढे आणायला लागले. "बोटं दिसली की सांगा."

"हा काय पोरखेळ?"

"सांगा हो."

हात कानाशी आला, गालाशी आला. बाबा दगडाकडे बघत होते. हात जवळजवळ नाकासमोर आल्यावर ते म्हणाले, "दिसली." दुसऱ्या बाजूने पुन्हा तेच.

मी त्यांना सांगितलं. कसं सांगितलं ते आता नीट आठवत नाही. मी म्हणाले, "ते आज आलेले नाहीत. आज मला दिसले एवढंच. मघाशी एक तुमच्या हाताला वळसा घालून गेला, तुम्हाला तो दिसला नाही. असे किती वर्षं जात असतील." आपल्या बापाला तुम्ही आंधळे होताय हे सांगण्यासारखं दुसरं वाईट काम नाही.

ऊन आमच्या पायांवर आलं. त्यांनी डावा हात उचलून बघितला, जिथून तो गेला होता असं मी म्हटलं होतं तिथे.

"म्हणजे," ते म्हणाले, "ते गेलेच नव्हते?"

"नाही."

"मांजरांच्या वर्षी होते? दिव्यांच्या वर्षी?"

"असणारच."

त्यांनी दोन्ही हात तोंडावरून फिरवले. मला वाटलं रडतायत. "मग ठीक आहे," ते म्हणाले. "मी तर समजलो होतो, ते संपले. ते आहेत ना? मग ठीक आहे. थोडासा मीच संपलो. तेवढं चालतं."

"मला नाही चालत," मी म्हटलं. "उद्या डॉक्टरकडे जायचं."

"जाऊ की. आधी मला दाखव तरी. कुठे कुठे आहेत?"

मी दोन बोटांत त्यांची हनुवटी धरली. दाढीचे खुंट टोचले. जरा डावीकडे फिरवली, जरा खाली, आणि थांबले. ते बघत राहिले. मग पुढे, वरच्या फटीकडे. मग त्याच्या शेजारच्या पिल्लाकडे. सबंध भिंत आम्ही अशी बघितली, एका वेळी एक दगड. गवंड्याची माणसं डबे उघडून लांब बसली होती आणि त्यांच्यातलं कोणी हसलं नाही.

डॉक्टरीणबाईंच्या खोलीत एक पांढरं, खोल वाडग्यासारखं यंत्र होतं. "हनुवटी इथे टेकवा, समोरच्या ठिपक्याकडे बघा. कडेला कुठेही उजेड चमकला की बटण दाबायचं," त्या म्हणाल्या. बाबा बसले. मला बाहेरून ठिणगीएवढे उजेड दिसत होते, वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, आणि बाबांचं बोट बटणावर स्वस्थ होतं. फार क्वचित दाबलं जात होतं. काचबिंदू, बाईंनी सांगितलं. गेलं ते येत नाही. पण आता थेंब नियमाने घातले तर आहे तेवढं टिकेल, आणखी वर्षभर आला नसतात तर तेही हाती लागलं नसतं. हा आजार घराण्यात चालतो, तुमचे आणि आत्याबाईंचेही डोळे तपासून घ्या, असंही म्हणाल्या.

"सोपी परीक्षा होती," बाहेर आल्यावर बाबा म्हणाले. "सापच बघायला लावत होत्या, उजेडाचे. नापास झालो." थोडं चालून झाल्यावर ते थांबले. "एक सांग. त्या मधल्या वर्षांत किती आले असतील?"

"ते आता कोणाला सांगता येणार?"

"तेच म्हणतोय मी." त्यांचा चेहरा भिंतीसमोर उजळला होता तसाच झाला होता. "कोणी बघितलं नाही, कोणी हजेरी घेतली नाही. आपण जेवताना 'कोणी नाही' म्हणायचो, आणि ते तिकडे दर वर्षी उन्हाला येऊन बसत होते. सगळेच्या सगळे." त्यांनी माझा दंड धरला, कारण तिथे पायरी होती आणि आता त्यांना ठाऊक होतं की पायरी असू शकते.

त्या संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो. आत्याने बाबांचा पेला त्यांच्या बरोबर समोर ठेवला आणि त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. हजेरी कोणी घ्यायची ते कोणालाच कळेना. बाबा ताटाकडे बघत होते. मी विचारणार तेवढ्यात आत्याच बोलली.

"मला भेटलं एकजण."

आम्ही दोघांनी माना वर केल्या.

"तुम्ही डॉक्टरकडे गेलात तेव्हा मी गेले होते भिंतीशी. म्हटलं, एवढं काय आहे ते बघून तरी येऊ. दाराशीच होता, आपल्या पायरीपाशी. पिवळा. मी उभी राहिले. तोही थांबला. मग गेला."

"घाईत होता?" बाबांनी विचारलं.

"नव्हता. निवांत होता मेला."

"कुठल्या बाजूने गेला?"

"डावीकडून. चौकटीला लागून."

बाबांनी डोळे मिटले. ती पायरी, ती चौकट, डावी बाजू, सगळं त्यांना पाठ होतं. डोळे मिटूनच त्यांनी मान सावकाश डावीकडे वळवली आणि थांबवली.

"हं," ते म्हणाले. "दिसला."

मग त्यांनी पहिला घास घेतला.